चालणे कोणाचे उचलले?

मंडईच्या, म्हणजे दिवाळीच्या दिवसांत भरणाऱ्या आमच्या गावजत्रेच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे घर आळसावलेले असते. रात्रभर नाटक पाहून पहाटे परतलेली माणसे जागा मिळेल तिथे आडवी होतात, छपरीत पाहुण्यांच्या चपलांचा ढीग पडतो, टोपल्यात उरलेल्या सुवाऱ्या चिवट होत जातात आणि मागच्या दारातून, बांध्यांमध्ये कापून ठेवलेल्या धानाच्या कडपांचा ओलसर गोड वास घरभर फिरत राहतो. यंदा त्या दुपारी नागपूरला शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने आपला लॅपटॉप समोरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडला आणि ‘टूट्सी’ हा जुना इंग्रजी चित्रपट लावला. पोरे, सुना, दोन जावई अशी दहाबारा माणसे अर्धवट झोपेत तो पाहत होती. कोपऱ्यातल्या खाटेवर माझे चुलत सासरे पडले होते. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. वय एक्क्याऐंशी. इंग्रजीचे अक्षर त्यांना येत नाही आणि पडद्यावर खाली धावणाऱ्या ओळींचाही त्यांना उपयोग नव्हता, त्यामुळे ते पाहत आहेत की नुसते डोळे उघडे ठेवून पडले आहेत याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

चित्रपटात एक जागा आहे. काम न मिळणारा नट मायकेल आपल्या एजंटाशी वाद घालतो, तुला आता कोणीही काम देणार नाही असे एजंट त्याला तोंडावर सांगतो, आणि पुढच्याच क्षणी न्यूयॉर्कच्या भर रस्त्यावर माणसांच्या लोंढ्यातून मोठ्या चष्म्याची, तांबूस केसांची, उंच टाचांच्या चपला घातलेली एक प्रौढ बाई आपल्या दिशेने चालत येते. आधी ती गर्दीतल्या पन्नास जणींपैकी एक असते. मग हळूहळू कळते की हा तोच आहे. आमच्या खोलीत हशा पिकला. काकाजी मात्र खाटेवर उठून बसले, पाय खाली सोडले आणि म्हणाले, “थांबव गा जरासा. मांगं घे.” पुतण्याने मागे घेतले. ती बाई पुन्हा गर्दीतून आली. “आनखी एकडाव.” असे तीनदा झाले. मग कोणाकडेही न पाहता त्यांनी विचारले, “यानं चालनं कोनाचं उचललं?”

पुतण्या हसून म्हणाला, “आबाजी, त्यांच्याकडे शिकवणारे लोक असतात.” काकाजींनी मान हलवली, पुन्हा आडवे झाले आणि चित्रपट संपेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.

तो प्रश्न माझ्यापाशी राहिला.

काकाजी तरुणपणी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, बाईचे काम करीत. ही गोष्ट घरात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी ती बोलून दाखवत नाही. मी १९९२ साली या घरात सून म्हणून आले, तेव्हा त्यांनी लुगडे सोडून बरीच वर्षे झाली होती; त्यांना त्या रूपात मी कधी पाहिले नाही. पण दंडार मी माहेरी पाहिली आहे. तेव्हा आठनऊ वर्षांची असेन. पाटलांच्या वाड्यामागे मोकळ्या जागेत गॅसबत्त्या टांगल्या होत्या, पुरुष एका बाजूला आणि बायका लिंबाखाली अशी माणसे बसली होती, आणि आम्ही पोरी रंगणाऱ्यांच्या पडद्यामागे जाऊन डोकावत होतो. तिथे एक माणूस धोतर सोडून लुगडे नेसत होता. चेहऱ्याला मुर्दाडशिंग लावून झाले होते, तरी जबड्यावरची निळसर दाढी त्या थराखालून दिसत होती. निऱ्या तो हनुवटीखाली दाबून धरत होता, कारण दोन्ही हात गंगावन बांधण्यात गुंतले होते. सगळे झाल्यावर त्याने विडी पेटवली, पण ओठांचा रंग जाऊ नये म्हणून ती मुठीत धरून, मुठीच्या पोकळीतून ओढली. मग विडी विझवून कानामागे ठेवावी तशी ती लुगड्याच्या ओच्यात खोचली आणि उभा राहिला. उभा राहताना मात्र तो निराळाच झाला. मी आईकडे पळत गेले होते. भीतीने की आनंदाने, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

त्या रात्री बायका खूप हसल्या. पुरुषांपेक्षा जास्त हसल्या, हे मला पक्के आठवते. त्याने कमरेवर हात ठेवला की हसायच्या, पदर सावरला की हसायच्या, सासूच्या नावाने बोटे मोडली की एकमेकींच्या मांडीवर थापा मारायच्या. आणि मग कथेत असा प्रसंग आला की दारू पिऊन आलेल्या नवऱ्यासमोर ती उभी राहते आणि धान विकून आलेल्या पैशांचा हिशेब मागते. रोवणीला कंबरडे माझे मोडले, निंदण मी केले, कापणीला पोर बांधावर झोपवून मी गेले, आणि बाजारात पैसे मोजायला तू गेलास, ते पैसे कुठे आहेत, असे ती भर मैदानात, गावाच्या पाटलापुढे, सगळ्या पुरुषांच्या देखत विचारते. तेव्हा लिंबाखाली एकही बाई हसली नाही. माझ्या आईने माझे मनगट इतके घट्ट धरले होते की दुसऱ्या दिवशी त्यावर बोटांचे वळ होते. दुसऱ्या दिवशी बोडीवर कपडे धुताना बायका तीच वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांतली कोणीही ती वाक्ये घरी म्हणू शकणार नव्हती. पण बोलताना त्या सगळ्या ‘ती म्हणाली’ असेच म्हणत होत्या. ‘तो म्हणाला’ असे कोणाच्या तोंडून आले नाही.

आपल्या भाषेत हा वेष इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड आहे. मायकेल डॉरोथी नावाची बाई होतो तेव्हा त्याला आवाज, चाल आणि कपडे सांभाळायचे असतात. क्रियापद त्याला दगा देत नाही. इंग्रजीत पुरुष आणि बाई एकाच शब्दात येतात आणि जातात. मराठीत ‘मी आलो’ म्हटले की सगळे उघडे पडते. १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये ‘हा माझा बायको’ अशी जी जगप्रसिद्ध चूक होते, तिच्यावर आपण इतकी वर्षे हसतो, कारण ती चूक मराठीसारख्या भाषेतच होऊ शकते आणि मराठी माणसाला तिची धडकी भरते. पुण्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून दोन पुरुषांनी बायका व्हायचे, ही त्या चित्रपटाची गरज होती. गणपतीत भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर आमच्या गावाने तो पाहिला, तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन आल्यावर काकाजी कसे बसले होते, हे पाहायचे मला सुचले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते. पण मी तेव्हा या घरात नव्हते.

गरजा निरनिराळ्या असतात. पुण्यातल्या त्या दोघांना घर हवे होते. न्यूयॉर्कच्या मायकेलला काम हवे होते. दंडारीतल्या माणसाने लुगडे नेसले, कारण गावातली कोणतीही बाई तिथे उभी राहू शकत नव्हती. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळाली नाही, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. आणि १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हे मी पूर्वीही वाचले होते, पण काकाजींच्या प्रश्नानंतर त्याचा अर्थ माझ्यासाठी बदलला. एकाच माणसाला एकाच चित्रपटात दोन चाली चालाव्या लागल्या. रामाची चाल त्याने पोथ्यांतल्या चित्रांवरून, कीर्तनातल्या वर्णनावरून घेतली असेल. सीतेची कोणाकडून घेतली असेल? हॉटेलाच्या भटारखान्यात काम करणाऱ्या माणसाने रोज जिला पाहिले असेल अशी कोणीतरी बाई असलीच पाहिजे. बालगंधर्वांविषयी आपण नेमके उलटे ऐकत आलो आहोत. त्यांची नेसण, त्यांचा अंबाडा, त्यांचा गजरा पाहून घरंदाज स्त्रियांनी आपले वळण बदलले, असे आपण कौतुकाने सांगतो. पण त्या पुरुषाच्या अंगात ते वळण प्रथम आले ते कोणाला पाहून, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

दिवाळीनंतर पुतण्या नागपूरला परत गेला आणि तिथून त्याने मला फोनवर एक लहानशी मुलाखत पाठवली. मायकेलची भूमिका करणारा डस्टिन हॉफमन त्यात ‘टूट्सी’विषयी बोलतो. चित्रपट करण्याआधी त्याने निर्मात्यांना एक अट घातली होती: आधी रंगभूषा करून पाहायची, आणि बाईच्या वेषात न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून चालताना कोणी वळून पाहिले नाही, तरच पुढे जायचे. रंगभूषा झाली. बाई म्हणून तो खपून गेला. मग त्याने रंगभूषाकारांना सांगितले की आता मला सुंदर करा. ते म्हणाले की यापेक्षा अधिक सुंदर करता येणार नाही. तो घरी गेला आणि पत्नीशी बोलताना रडू लागला. आपण पडद्यावर जी बाई झालो आहोत ती बुद्धिमान आहे, बोलकी आहे, पण एखाद्या समारंभात ती भेटली असती तर आपण तिच्याशी बोलायलाही गेलो नसतो, कारण ती दिसायला आपण ठरवलेल्या मापात बसत नाही. अशा किती बायकांना आपण न ओळखताच आयुष्य काढले, हे त्याच्या लक्षात आले. हे सांगताना त्याचा आवाज फुटतो. हा चित्रपट माझ्यासाठी कधीच विनोदी नव्हता, असे तो सांगतो.

मी ती मुलाखत रात्री अंगणात बसून पाहिली आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आले. पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना, बांधावरून चालता चालता, मनात एक कडवटपणाही आला आणि तो लपवून ठेवणे मला बरोबर वाटत नाही. आमच्या गावात अशा बायका आहेतच की, ज्यांच्याशी कोणी बोलायला जात नाही. त्यांना आपली ही ओळख होण्यासाठी रंगभूषा करावी लागली नाही. ती त्यांना जन्मापासून आहे.

त्याच चित्रपटात सँडी नावाची एक मुलगी आहे. टेरी गारने ती भूमिका केली आहे आणि माझ्या मते चित्रपटातले सर्वांत खरे काम तिचे आहे. एका टीव्ही मालिकेतल्या रुग्णालयाच्या प्रशासक बाईच्या भूमिकेची चाचणी द्यायला खरे तर सँडी गेलेली असते. मायकेल तिचा मित्र. तोच तिची तयारी करून घेतो आणि तिला तिथे घेऊन जातो. तिला वाचून दाखवण्याचीही संधी न देता परत पाठवतात. आणि तीच भूमिका मायकेल डॉरोथी होऊन मिळवतो. पुढे डॉरोथी बाणेदारपणे बोलते, लिहिलेले संवाद सोडून स्वतःचे बोलते, ‘टूट्स’ म्हणून हाक मारणाऱ्या दिग्दर्शकाला आपल्या नावाने हाक मारायला लावते, देशभरातल्या बायका तिच्यावर जीव टाकतात. मला हे सगळे फार आवडते. आणि प्रत्येक वेळी मला सँडी आठवते, जिला हे सगळे बोलायला मिळाले असते. चित्रपट तिला विसरत नाही, हे त्याचे मोठेपण आहे. मायकेल तिच्याशी वाईट वागतो आणि चित्रपट ते झाकून ठेवत नाही. ‘टूट्सी’ला ऑस्करची १० नामांकने मिळाली आणि पुरस्कार मिळाला तो एकच, मालिकेतल्या डॉरोथीच्या सहकलाकाराचे, ज्युलीचे, काम करणाऱ्या जेसिका लँगला. मला ते योग्य वाटते. रंग लावून बाई झालेल्याला इतके नावाजले जात असताना, शेजारी रंग न लावता बाई असलेली कोणीतरी उभी होती, याची त्यात नोंद राहिली.

लिंबाखाली गप्प झालेल्या माझ्या आईकडे मी याच वाटेने परत जाते. ते वाक्य तिच्यासाठी बोलले गेले, पण ते बोलायला पुरुष लागला. पुरुषाने लुगडे नेसून बोलले म्हणून पाटलाने ऐकून घेतले आणि हसून सोडून दिले. तेच वाक्य बाईने म्हटले असते तर दंडार तिथेच थांबली असती. आणि तरीही, तो बोलला नसता तर त्या रात्री ते कोणीच बोलले नसते. या दोन गोष्टींपैकी एकीला धरून दुसरी सोडून देणे मला जमत नाही.

पुढे झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत बायका आल्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा येथे नाटक कंपन्यांची कार्यालये उभी राहिली, दिवाळीपासून पुढे उन्हाळा लागेपर्यंत गावोगावी रात्रभर तिकिटाची नाटके होऊ लागली आणि लुगडे नेसणाऱ्या पुरुषांची गरज संपत गेली. या रंगभूमीवर आयुष्यभर काम केलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या शाळेत आम्ही मुलांना साखर वाटली. काकाजींना मी ती बातमी वाचून दाखवली होती. ते खूश झाले. दंडारीत बाई झालेल्यांची नावे गावाच्या शिवेबाहेर फारशी गेली नाहीत, आणि ज्या बायका पुढे रंगमंचावर आल्या त्यांना सुरुवातीला गावोगावी काय काय ऐकून घ्यावे लागले, तेही मी मोठी होताना पाहिले आहे. काकाजींना ‘आता येऊ नका’ असे कोणी सांगितले नाही. एका वर्षी त्यांना बोलावणे आले नाही, इतकेच. गाठोडे माळ्यावर राहिले.

धान चुरून झाले, तणशीचे ढीग लागले आणि घरात जरा मोकळीक आली, तेव्हा एका रविवारी मी काकाजींजवळ जाऊन बसले. ते अंगणात उन्हाला बसून अंबाडीची दोरी वळत होते. एक पाय लांब केलेला, अंगठ्यात दोरीचे टोक अडकवलेले, आणि मांडीवर तळवा पुढे सरकला की वाखाचे दोन पेड एकमेकांत मिसळत जात होते. मी सरळ विचारले, “काकाजी, त्या दिवशी तुम्ही पोराला विचारले ना, चालणे कोणाचे उचलले म्हणून. तुम्ही कोणाचे उचलले होते?”

दोरी वळण्याचा हात थांबला नाही. “बाईचं,” ते म्हणाले.

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिला नवऱ्याने माहेरी आणून सोडले आणि मग ती भावांच्याच घरी राहिली, तिथेच वारली. गावाबाहेरच्या विहिरीवरून पाणी आणणे हे तिचे काम होते. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पितळेचा मोठा गुंड, त्यावर लहान गुंड, आणि काखेत बादली. सातआठ वर्षांचे असल्यापासून काकाजी लहान चरवी घेऊन तिच्या मागून चालत. पायवाट एकट्याची होती, त्यामुळे चारपाच वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांसमोर तिची पाठ होती. पुढे दंडारीत त्यांना बाईचे काम दिले, तेव्हा गुरूने सांगितले की कंबर हलव, डोळे मोड. ते त्यांना जमेना. ‘आलो’चे ‘आली’ करायलाच पंधरा दिवस गेले. मग एका रात्री ते नुसते बाईसारखे चालले. आपल्या बाईसारखे.

“तिले मांगून कोनी हाक मारली ना,” काकाजी म्हणाले, “तर ते आधी थांबे. मंग डोये फिरवे. मंग मान, हलू हलू. आन आंग सगळ्यात शेवटी. मी तसंच केलो. लोकायनं गमछे उडवले. दर गावात मनत, ते मान वळवनं आनखी एकडाव दाखव.” मग त्यांनी दोरी खाली ठेवली. “लोकाले वाटे का नखरा हाय. तिच्या डोक्स्यावर दोन गुंड होते ना, बाई. झटकन वळली असती तर पानी सांडलं असतं.”

मी काही बोलले नाही. उन्हात कोंबड्या तणशीत उकरत होत्या आणि दूरवर कोणाच्या तरी शेतात चुरण्याचे यंत्र चालू होते.

पुढचे त्यांनी मी न विचारता सांगितले. एका वर्षी दंडार आमच्याच गावात झाली आणि बाई पाहायला आली. बायकांत बसली होती, तिसऱ्या रांगेत. काकाजींनी तिला पाहिले. मान वळवण्याची जागा आली, त्यांनी वळवली, आणि सगळे मैदान हसले, शिट्ट्या पडल्या. बाई हसली नाही. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. घरी आल्यावर तिने त्याविषयी एक शब्द काढला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही. ताटात भाकर वाढली, निजायला गेली. “पन त्या दिवसापासून,” काकाजी म्हणाले, “ते माह्या पुढं चालली नाही. कुठं बी निघालो का म्हने, तू हो पुढं. मरेपर्यंत.”

बाई १९९५च्या पावसाळ्यात वारल्या. म्हणजे तीन वर्षे मी त्यांच्यासोबत एका घरात राहिले आहे. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्यांची एक सवय मला चांगली आठवते. कुठेही जायचे असो, लग्नाला, बाजाराला, शेतावर, त्या उंबऱ्याशी थांबायच्या आणि सगळ्यांना पुढे काढून मग शेवटी निघायच्या. मी नवी सून होते. मी थांबले तर मलाही हाताने पुढे हो म्हणायच्या. माघारी आलेल्या बाईने घरात स्वतःला असे मागे ठेवायचे असते, असे त्यांना कोणीतरी शिकवले असावे, असा अर्थ मी तेव्हा लावला होता आणि मला त्यांची कणव येई. तीस वर्षे मी तोच अर्थ धरून होते. त्या आपले चालणे पाठीमागून कोणाला दिसू देत नव्हत्या, हे मला त्या रविवारी कळले.

‘टूट्सी’त यासारखी एक जागा आहे, पण तिथे लोक हसतात. ज्युली आपल्या मैत्रिणीला, म्हणजे डॉरोथीला, एकदा मनातले सांगते की पुरुषांनी उगीच आडवळणे न घेता सरळ येऊन मला हवे ते बोलावे, किती बरे होईल. मायकेल ते ऐकून ठेवतो. पुढे एका मेजवानीत तो पुरुषाच्या रूपात तिला भेटतो आणि तिचेच शब्द तिला ऐकवतो, आणि ती हातातले पेय त्याच्या तोंडावर फेकते. पहिल्यांदा पाहताना मीही हसले. काकाजींचे ऐकल्यानंतर मला त्या जागी हसता येत नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट, पाठीमागून पाहिलेली गोष्ट, ती उचलून चारचौघांत आणली की ती ज्या बाईची होती तिला ती ओळखू येते, आणि तरीही ती तिची राहत नाही. ज्युलीला राग काढायला हातात पेला होता. आत्याबाईंच्या हातात ताट होते, भाकर वाढायचे.

मायकेल शेवटी थेट प्रक्षेपण चालू असताना केसांचा टोप काढतो आणि सगळ्यांसमोर खरा होतो. मग ज्युलीच्या वडिलांना, ज्यांनी डॉरोथीला लग्नाची मागणी घातलेली असते, त्यांची अंगठी परत करतो. ज्युलीला रस्त्यात गाठतो. तेव्हा ती म्हणते की मला डॉरोथीची आठवण येते. माझ्या मते साऱ्या चित्रपटातले सर्वांत दुखरे वाक्य ते आहे, कारण तिने गमावलेली मैत्रीण कोणी मेलेली नसते आणि कोणी जिवंतही नसते. मायकेल तिला सांगतो की डॉरोथी इथेच आहे. काकाजींनी त्या दिवशी मला असे काही सांगितले नाही. मी त्यांना विचारले की तुम्ही बाईंशी कधी बोललात का याविषयी. त्यांनी नकारार्थी मान हलवली. काय बोलायचे, असे हाताने विचारले आणि पुन्हा दोरी हातात घेतली. त्या प्रसंगानंतरही पाचसहा वर्षे ते दंडारीत उभे राहिले होते. मान वळवणे त्यांनी सोडले नाही. लोक मागत होते. हे त्यांनी माझ्यापासून लपवले नाही आणि मीही ते येथे लपवत नाही.

संध्याकाळी मी भात रांधायला उठणार, तोच काकाजी छपरीत आले. पुतण्याने तो चित्रपट माझ्या फोनमध्ये टाकून दिला होता, हे त्यांना माहीत होते. “ते गर्दीतलं लाव,” ते म्हणाले. मी ती जागा शोधून लावली आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाजवळ धरला. रस्त्यावरच्या गाड्यांचा गोंगाट, मागचे संगीत ऐकू येऊ लागले, तसे त्यांनी मला आवाज बंद करायला सांगितले. मग नुसतेच, मुकाट, माणसांच्या लोंढ्यातून ती बाई येत राहिली. काकाजींचे डोळे तिच्या चेहऱ्यावर नव्हते. ते तिच्या पायांकडे पाहत होते.

“आमच्या बाईचं ओझं डोक्स्यावर होतं,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले. “हिचं टाचेत हाय.”

मी फोन परत घेण्यासाठी हात पुढे केला.

“राहू दे,” ते म्हणाले. “आवाज बंदच राहू दे. आनखी एकडाव लाव.”